जबड्याचे फ्रॅक्चर: टायटॅनियमची प्लेट की विरघळणारी? निवड, बसवण्याची पद्धत आणि नंतरचे आठवडे

मोडलेल्या जबड्याला प्लेटची गरज साधारण सहा ते आठ आठवडेच असते. तेवढ्या काळात हाडाची दोन टोके नव्या हाडाने सांधली जातात आणि चावण्याचा भार पुन्हा हाड स्वतः घेऊ लागते. त्यानंतर प्लेट आत आहे की गेली, याने जबड्याच्या ताकदीत फरक पडत नाही. म्हणून निवड करताना एकच गोष्ट आधी ठरवावी लागते: या सहा-आठ आठवड्यांत या फ्रॅक्चरवर किती ओढ येणार आणि ती पेलायला प्लेटच्या जोडीला हाड आहे की नाही. पुढची सगळी गणिते यावरून सुटतात.

हे लिखाण मुख्यतः तोंड व जबड्याच्या शस्त्रक्रियेत नव्याने हात घालणाऱ्यांसाठी आहे. ज्यांच्या घरी कुणाचा जबडा मोडला आहे आणि डॉक्टरांनी दोन्ही पर्याय समोर ठेवले आहेत, त्यांनाही निवडीचा आणि नंतरच्या काळजीचा भाग उपयोगी पडेल.

ओढ कुठून येते

खालचा जबडा घोड्याच्या नालासारखा वाकलेला असतो. गालातला आणि कानशिलाचा स्नायू त्याचा मागचा भाग वर खेचतात, हनुवटीखालचे स्नायू पुढचा भाग खाली खेचतात. त्यामुळे दातांच्या ओळीत किंवा जबड्याच्या कोनात फ्रॅक्चर झाले की वरची कड फाकते आणि खालची कड दाबली जाते. वरची बाजू ताणाची, खालची दाबाची. ताणाच्या बाजूला बारीकशी प्लेट लावली तरी फट मिटते आणि दाबाचे काम हाडाची टोके एकमेकांवर टेकून स्वतःच करतात. फ्रान्समध्ये मिशेले यांनी १९७३ मध्ये आणि शाम्पी यांनी १९७८ मध्ये याच तत्त्वावर छोट्या प्लेटची पद्धत मांडली. शाम्पींनी आखलेल्या रेषा आजही वापरात आहेत. कोनाच्या फ्रॅक्चरला बाहेरच्या तिरप्या कडेलगत एक प्लेट. दाढांच्या भागात मुळांच्या टोकांखालून एक प्लेट. हनुवटीच्या भागात मात्र दोन, एकमेकींपासून ४-५ मिमी अंतरावर, कारण तिथे ताणाबरोबर पीळही पडतो.

हे सारे एका अटीवर चालते: दोन्ही टोके एकमेकांत नीट बसली पाहिजेत. हाडाचा चुरा झाला असेल, तुकडा गमावला असेल, किंवा दात पडून गेलेल्या वृद्धाचा जबडा पेन्सिलीएवढा बारीक झाला असेल, तर टेकायला हाडच नसते. तिथे संपूर्ण भार प्लेटवर येतो. त्यासाठी २.४ किंवा २.७ मिमी स्क्रूची जाड टायटॅनियम प्लेट, फ्रॅक्चरच्या दोन्ही बाजूंना किमान तीन-तीन स्क्रू, आणि शक्यतो प्लेटमध्ये कुलूपबंद होणारे स्क्रू लागतात. आज मिळणारी कोणतीही विरघळणारी प्लेट या कामाची नाही. ही पहिली चाळणी आहे आणि ती कुणाच्याही आग्रहाखातर ओलांडू नये.

दोन्ही पदार्थांचा स्वभाव

टायटॅनियम हाडापेक्षा कितीतरी ताठ असते. त्याचा ताठपणा सुमारे ११० गिगापास्कल, तर हाडाच्या बाहेरच्या कठीण कवचाचा साधारण १० ते २० गिगापास्कल. जुन्या स्टेनलेस स्टीलच्या प्लेट १९०-२००च्या घरात होत्या, शिवाय त्यात निकेल असायचे. टायटॅनियम गंजत नाही, शरीर त्याला सहज सांभाळून घेते, एमआरआयला अडचण होत नाही. खालच्या जबड्याच्या नेहमीच्या छोट्या प्लेटची जाडी सुमारे १ मिमी असते आणि स्क्रू २ मिमी व्यासाचे. चेहऱ्याच्या मधल्या भागाला याहून बारीक संच पुरतात.

विरघळणाऱ्या प्लेट मुख्यतः पॉलीलॅक्टिक आम्लाच्या असतात, काहींत पॉलीग्लायकॉलिक आम्ल मिसळलेले असते. ताठपणा साधारण ३ ते ५ गिगापास्कल. ही उणीव भरून काढायला प्लेट जाड करावी लागते, त्यामुळे ती टायटॅनियमपेक्षा जास्त फुगीर दिसते आणि तोंडातली पातळ त्वचा तिच्यावर ताणली जाते. शरीरातले पाणी प्लेटमध्ये शिरते, लांब साखळ्या तोडते, आणि शेवटी उरलेले लॅक्टिक आम्ल नेहमीच्या चयापचयातून कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन जाते.

इथे एक बारकावा आहे. ताकद जाणे आणि वस्तुमान जाणे या दोन वेगळ्या घटना आहेत. प्लेट कमकुवत होते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत, पण नाहीशी व्हायला वर्ष ते कित्येक वर्षे लागतात. एल-लॅक्टिक ८२ भाग आणि ग्लायकॉलिक १८ भाग या प्रमाणातला पदार्थ आठ आठवड्यांनी सुमारे ७० टक्के ताकद टिकवतो आणि वर्षभराच्या आसपास विरघळतो. लॅक्टिक आम्लाचे एल आणि डीएल हे दोन प्रकार ७०:३० मिसळलेला पदार्थ दीड ते तीन वर्षे घेतो. शुद्ध पॉली-एल-लॅक्टिक आम्ल सर्वात चिवट. नेदरलँडमध्ये गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरसाठी ते वापरल्यावर सुमारे तीन वर्षांनंतर काही रुग्णांना जखमेच्या जागी सूज आली आणि पाच वर्षांनंतरही आत स्फटिकांचे कण सापडले. मिश्र पदार्थ पुढे आले त्यामागे हा अनुभव मोठा होता. त्यामुळे पाकिटावर फक्त "विरघळणारी" हा शब्द पाहून भागत नाही. पदार्थ कोणता, प्रमाण किती, ताकद किती आठवडे टिकते, हे उत्पादकाच्या माहितीपत्रकातून वाचून घ्यावे.

निवड कशी करायची

विरघळणाऱ्या प्लेटची खरी जागा मुलांमध्ये आहे. मुलाच्या जबड्यात कायमच्या दातांचे कोंब हाडात दडलेले असतात, हाड वाढत असते, आणि धातूची प्लेट लावली तर ती साधारण दोन-तीन महिन्यांनी काढावी लागते, म्हणजे दुसऱ्यांदा भूल. मुलांचे हाड जुळतेही लवकर, तीन-चार आठवड्यांत, त्यामुळे प्लेटची ताकद कमी पडण्याआधी काम झालेले असते. मात्र स्क्रू खालच्या कडेलगतच, फक्त बाहेरच्या कवचापुरता घालायचा. सुळ्याचा कोंब अपेक्षेपेक्षा बराच खाली असतो, म्हणून सीटी स्कॅनवर त्याचे अंतर मोजल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये. हेही लक्षात असू द्या की मुलांचे बरेचसे फ्रॅक्चर, विशेषतः कानापुढच्या जबड्याच्या सांध्याजवळचे, प्लेटशिवायच बरे होतात. सांध्याजवळच्या फ्रॅक्चरला जबडा जास्त दिवस बांधून ठेवला तर सांधा जखडतो. तिथे मऊ आहार आणि लवकर सुरू केलेला तोंड उघडण्याचा व्यायाम हाच उपचार.

प्रौढांत विरघळणारी प्लेट चालते ती वरच्या जबड्याच्या आणि गालाच्या हाडाच्या फ्रॅक्चरला, जिथे ओढ कमी असते. खालच्या जबड्यात ती विचारात घ्यावी तर फ्रॅक्चर एकच, साधे, कमी सरकलेले असावे, दात पुरेसे असावेत, आणि रुग्ण सहा आठवडे मऊ आहार व इलास्टिक (वरच्या-खालच्या दातांना जोडणारे रबर) पाळेल याची खात्री असावी. संसर्ग झालेले, उशिरा आलेले, न जुळलेले फ्रॅक्चर, दोन्हीकडे मोडलेला जबडा, दारू किंवा अन्य कारणाने पथ्य न पाळणारा रुग्ण, अनियंत्रित फिट्स: यांत टायटॅनियमच. आमचे मत स्पष्ट आहे, प्रौढाच्या कोनाच्या फ्रॅक्चरला शंका असेल तर टायटॅनियम लावावे. तिथली ओढ सर्वाधिक असते आणि गुंतागुंतही इतर जागांपेक्षा जास्त.

२०१२ मध्ये नेदरलँडमधील २३० रुग्णांच्या तुलनात्मक चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात विरघळणारी प्लेट ठरवलेल्या सुमारे एक पंचमांश रुग्णांना ऑपरेशन चालू असतानाच टायटॅनियमवर जावे लागले. यातून सरळ नियम निघतो: विरघळणाऱ्या प्लेटचे ऑपरेशन असले तरी टायटॅनियमचा निर्जंतुक संच त्याच खोलीत हाताशी असला पाहिजे, आणि "गरज पडल्यास धातूची प्लेट लावू" ही गोष्ट रुग्णाच्या संमतीपत्रात आधीच लिहिलेली असली पाहिजे.

आधी चावा, मग प्लेट

प्लेट कोणतीही असो, सुरुवातीची पावले तीच. ओपीजी (संपूर्ण जबड्याचा एक्स-रे) आणि सीटी पाहून फ्रॅक्चरच्या सगळ्या रेषा मोजा. खालच्या जबड्यात एक रेषा दिसली की दुसरी शोधायचीच, हनुवटी मोडलेल्याचा सांधा हमखास तपासायचा. भूल नाकातून नळी घालून दिली जाते, कारण दात मिटवून पाहता आले पाहिजेत. प्रतिजैविक शस्त्रक्रियेच्या आधी सुरू करून त्यानंतर २४ तासांपर्यंत पुरते. ते अनेक दिवस चालू ठेवल्याने संसर्ग कमी होत नाही. घशात गॉज ठेवला असेल तर तो फळ्यावर लिहा.

फ्रॅक्चरच्या रेषेतला दात हलत असेल, मुळाशी मोडलेला असेल, किंवा टोके जुळू देत नसेल तर काढायचा. घट्ट दात ठेवायचा, तो जुळवणीला खूण म्हणून उपयोगी पडतो.

चीर ओठ आणि हिरडीच्या मधल्या खोबणीत घ्या, हिरडीच्या कडेपासून किमान ५ मिमी अंतर सोडून. तेवढी झालर ठेवली तरच नंतर टाके धरतात. दोन लहान दाढांच्या खाली हनुवटीची संवेदना नेणारी नस बाहेर पडते. ती आधी दिसू द्या, मग काम करा. टोकांमधला रक्ताचा गोळा आणि अडकलेला स्नायू काढा.

आता आर्च बार (दातांच्या ओळीला बांधायची धातूची पट्टी) आणि तारांनी, किंवा हाडात घातलेल्या स्क्रूंना तार बांधून, वरचे-खालचे दात त्यांच्या जुन्या चाव्यात बांधा. दातांवरच्या झिजलेल्या सपाट जागा एकमेकांवर बरोबर बसल्या तर चावा खरा आहे. चावा चुकला असताना बसवलेली उत्तम प्लेट चूकच पक्की करते. हाताने चावा धरून काम उरकण्याचा मोह इथे होतो, पण विरघळणाऱ्या प्लेटमध्ये तो महागात पडतो, कारण प्लेट बसवायला जास्त वेळ लागतो आणि तेवढा वेळ हात स्थिर राहत नाही.

टायटॅनियमची प्लेट बसवताना

प्लेट हाडावर कुठेही न डुलता टेकेपर्यंत वाकवा. साधा स्क्रू आवळला की तो हाडाला प्लेटकडे ओढतो, म्हणून प्लेटखाली एक मिलिमीटर फट असेल तर ती फट चाव्यात दिसते. कुलूपबंद स्क्रूंमध्ये हा त्रास कमी, पण शून्य नाही. एकाच जागी पुढे-मागे वाकवत बसू नका, धातू थकतो आणि काही आठवड्यांनी तिथेच मोडतो.

२ मिमी स्क्रूसाठी १.५ मिमी ड्रिल, कमी वेगात, सलाइनची धार सतत चालू ठेवून. हाड ४७ अंश सेल्सिअसला एक मिनिट तापले तरी भोकाभोवतीचे हाड मरते. असा स्क्रू टेबलावर घट्ट वाटतो आणि तिसऱ्या आठवड्यात सैल होतो. लांबी साधारण ६ मिमी, बाहेरच्या कवचापुरती. ड्रिल डगमगले तर भोक मोठे होते. स्क्रू फिरतच राहिला तर त्याच भोकात २.३ मिमीचा जाड राखीव स्क्रू घाला. प्रत्येक बाजूला किमान दोन स्क्रू, आधी फ्रॅक्चरच्या लगतचे दोन, एक इकडे एक तिकडे, मग बाहेरचे. फ्रॅक्चरच्या रेषेत एकही नको.

हनुवटीच्या मधोमध प्लेट किंचित जास्त वाकवावी. तसे न केल्यास समोरची फट मिटलेली दिसते पण जिभेकडची फाकते, आणि जबडा मागे रुंद होतो.

विरघळणारी प्लेट बसवताना

इथे घाई चालत नाही. पाकीट उघडण्याआधी साठवणुकीचे तापमान आणि मुदत पाहा. उष्णता आणि ओलावा या पदार्थाला बंद पाकिटातही कमकुवत करतात. ऑटोक्लेव्हमध्ये ती टाकता येत नाही, वाफेच्या उष्णतेने ती मऊ पडते आणि तिच्या साखळ्या तुटतात. उघडून न वापरलेली प्लेट पुन्हा निर्जंतुक करून वापरायची नाही.

आधी ॲल्युमिनियमच्या मऊ पत्र्याचा साचा हाडावर दाबून आकार घ्या. मग प्लेट निर्जंतुक गरम पाण्याच्या पात्रात ठेवा. पॉलीलॅक्टिक पदार्थ ५५ ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतो. काही संचांना ५५ अंश पुरतात, काहींना ७० पर्यंत लागतात, उत्पादकाने दिलेला आकडा तोच खरा. बाहेर काढल्यावर साधारण १० ते १५ सेकंद हातात असतात. तेवढ्यात साच्यावर दाबून आकार द्या आणि गार होईपर्यंत धरून ठेवा. चुकले तर पुन्हा गरम करा, पण थंड प्लेट जोर लावून वाकवू नका. वाकवलेल्या जागी पांढरी रेघ दिसली तर आत सूक्ष्म भेगा पडल्या आहेत. ती प्लेट बाजूला ठेवा.

मग ड्रिल, मग टॅप (भोकात आटे पाडणारे हत्यार), मग स्क्रू. टायटॅनियमचा स्क्रू हाडात स्वतः आटे पाडतो, हा पाडू शकत नाही. टॅप ड्रिलच्याच कोनात, पूर्ण खोलीपर्यंत, काटकोनात चालवा. दोन वळसे पुढे, अर्धा मागे, म्हणजे हाडाचा भुगा अडकत नाही. टॅप बाहेर काढून भोक सलाइनने धुवा. स्क्रू दोन बोटांच्या जोरानेच फिरवा आणि डोके प्लेटला टेकले की थांबा. "आणखी एक पाव वळसा" ही टायटॅनियमची सवय इथे स्क्रूचे डोके तोडते. डोके तुटण्याची कारणे जवळजवळ ठरलेली आहेत: टॅप अर्धवट खोलीपर्यंत गेलेला, टॅप आणि स्क्रूचा कोन वेगळा, भोकात भुगा, किंवा शेवटचा जास्तीचा वळसा. दिलासा एवढा की तुटलेला भाग काढायला झगडावे लागत नाही. त्यातूनच पुन्हा ड्रिल करा, टॅप करा आणि नवा स्क्रू घाला.

एक महत्त्वाचा फरक लक्षात ठेवा. हा स्क्रू प्लेटकडे हाड ओढून आणत नाही. टोके आधीच चिमट्याने घट्ट मिटलेली हवीत, नाहीतर फट जशीच्या तशी राहते.

ध्वनिलहरींनी वितळवून बसवायच्या पिनाही मिळतात. पिन भोकात सरकवताना वितळून हाडाच्या छिद्रांत पसरते आणि प्लेटशी एकजीव होते, टॅप लागत नाही. पातळ हाडाला ही पद्धत छान बसते.

प्लेट बसली की तारा सोडा आणि जबडा हाताने हलक्याने मिटवून चावा पुन्हा पाहा. बांधलेल्या अवस्थेत सगळेच चावे बरोबर दिसतात, म्हणून ही पायरी वगळता येत नाही. दात आपोआप जुन्या जागी बसले नाहीत तर स्क्रू काढून पुन्हा सुरुवात. मग हनुवटीचा स्नायू वेगळ्या टाक्याने जागेवर शिवा, नाहीतर ओठ लोंबतो. त्वचेचे टाके पाणी झिरपणार नाही असे घाला. विरघळणारी प्लेट जाड असल्याने इथे ताण जास्त येतो. आणि घशातला गॉज काढा.

पहिले सहा आठवडे

विरघळणाऱ्या प्लेटनंतर प्रौढाला साधारण एक ते दोन आठवडे दिशा देणारी इलास्टिक ठेवतात. टायटॅनियम चांगले बसले असेल तर बऱ्याचदा लागत नाहीत. जबडा तारांनी बांधून घरी पाठवत असाल तर तार कापायची कात्री रुग्णासोबत द्या आणि उलटी झाल्यास कोणत्या तारा कापायच्या हे घरच्यांना प्रत्यक्ष दाखवा.

चार ते सहा आठवडे चावावे लागेल असे काही नको. पहिला आठवडा पातळ, पुढे हाताने कुस्करता येईल एवढे मऊ. वेदना दुसऱ्या आठवड्यातच थांबते आणि रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते. प्लेट सैल होण्याचा धोका नेमका तेव्हा असतो. दात मऊ ब्रशने, जखमेला न लागता घासायचे, क्लोरहेक्सिडीनने गुळण्या. धूम्रपान आणि तंबाखू पूर्ण बंद, त्याने जखम उघडते आणि हाड जुळायला वेळ लागतो.

तपासणी पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या आठवड्यात. विरघळणारी प्लेट एक्स-रेवर दिसत नाही, फक्त स्क्रूची भोके गोल काळे ठिपके म्हणून दिसतात. ते पाहून कुणी हाडाच्या रोगाचा निष्कर्ष काढू नये, म्हणून डिस्चार्जच्या कागदावर पदार्थाचे नाव आणि तारीख असावी.

दात पूर्वीसारखे जुळत नाहीत, चावताना फ्रॅक्चरच्या जागी हालचाल किंवा कटकट आवाज, वाढती सूज, पू, ताप, किंवा ओठाचा नवा बधिरपणा: यांपैकी काहीही झाले तर ठरलेल्या तारखेची वाट पाहायची नाही. पू झाला तरी प्लेट घट्ट असेल तर निचरा आणि औषधे देऊन हाड जुळेपर्यंत ती ठेवता येते. सैल असेल तर ठेवून उपयोग नाही. ती काढून, मेलेले हाड साफ करून, जाड टायटॅनियम प्लेट लावावी लागते. हलती प्लेट संसर्गाला जिवंत ठेवते.

नंतरची वर्षे

टायटॅनियमची प्लेट त्रास देत नसेल तर आयुष्यभर आत राहू शकते. ती काढतात ती उघडी पडल्यावर, संसर्ग किंवा सैल स्क्रू असल्यावर, थंडीत दुखत असल्यावर, वर कवळी बसवायची असल्यावर, किंवा मूल वाढत असल्यावर.

विरघळणाऱ्या प्लेटच्या रुग्णाला वेगळी सूचना लेखी द्यावी. अनेक महिन्यांनी, कधी वर्षांनी, त्या जागी लहान, फारशी न दुखणारी सूज येऊ शकते. प्लेटचे तुकडे होताना आम्ल आणि कण साचतात, शरीर ते वेचायला पेशी पाठवते, आणि त्यातून सूज येते. त्यात जंतू असतीलच असे नाही. ताप नसेल, चावा बरोबर असेल आणि एक्स-रेवर हाड जुळलेले असेल तर आधी सुईने द्रव काढून तपासणीला पाठवावा आणि काही आठवडे पाहावे. सूज कमी झाली नाही किंवा त्वचा फुटू लागली तरच उघडून उरलेला गर खरवडून काढायचा. तोपर्यंत हाड जुळलेले असल्याने नव्या प्लेटची गरज सहसा नसते.